बेव्हनच्या कड्यावर रोवीना

रोवीना क्लाइनचे हात पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतोच. बाई अंगाने किरकोळ, चेहरा चारचौघींसारखा, पण बोटं! पेरं सुजून जाड झालेली, टोकांची कातडी जुन्या चपलेसारखी राठ, आणि दोन-तीन बोटांना कायम पांढरी चिकटपट्टी. मेलबर्नपासून दूरच्या आमच्या टॅरनूक गावची शाळेची बस ती चालवते. नव्याने राहायला आलेल्या एका आईने मला माझ्या पावाच्या दुकानात हळूच विचारलं होतं, "मर्ना, त्या ड्रायव्हरबाईंना स्टिअरिंग नीट धरता येतं ना गं? संधिवात दिसतोय." मी म्हटलं, "अगं, ती बाई दोन बोटांच्या टोकांवर सगळं अंग लटकवते. तुझी पोरगी खुशाल बसव." तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती पाव घेऊन गेली.

मी थट्टा करत नव्हते. माझे गुडघे कामातून जाण्याआधी मीही तीस वर्षं कडे चढले, त्यामुळे कोण नुसतं बोलतं आणि कोण खरंच चढतं हे मला कळतं. रोवीना सकाळी मुलं शाळेत सोडायची, बस तशीच कड्याखालच्या निलगिरीच्या सावलीत आणून उभी करायची आणि दुपारी शाळा सुटेपर्यंत चढायची. नवरा कॉलिन गव्हाच्या शेतात. कोणी त्याला म्हणालं, बायको फार धोक्याचं काही करते, तर तो म्हणायचा, "ती कुठे आहे ते मला माहीत असतं. तुम्हाला तुमच्या बायकोचं माहीत असतं का?"

आमच्याकडे कड्यावरच्या प्रत्येक वाटेला आकडा असतो. आकडा जेवढा मोठा, वाट तेवढी अवघड. पंचविसाची वाट जमली की पोरं गावात छाती काढून फिरतात. तिसाच्या पुढे जाणारे थोडे. आणि चौतीस चढलेल्या बायका अख्ख्या देशातून गोळा केल्या तर त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आरामात मावतील. बरं, चढली असं म्हणायचं कधी? खालून निघून वरच्या साखळीत दोर अडकवेपर्यंत एकदाही पडायचं नाही, एकदाही दोरावर भार द्यायचा नाही. दोर फक्त जीव वाचवायला. जरा जरी लटकलात, की खाली या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. एखादी वाट जो सगळ्यात आधी अशी चढेल, त्याने तिचा आकडा सांगायचा. मागून येणारे मग त्यावर हुज्जत घालतात.

रोवीनाच्या वाट्याला ही हुज्जत जरा जास्तच यायची. 'गंजका पत्रा' नावाची वाट दोन बाप्यांनी शिव्या घालत घालत चढून एकतीस ठरवली होती. पुढे रोवीना ती चढली, आणि महिन्याच्या आत एकतीसची तीस झाली. का, तर तिची बोटं बारीक, फटीत आत जातात. त्यानंतरच्या वाटेचा आकडाही असाच एकाने कमी झाला. का, तर बाईचं वजन कमी. मी विचारलं, "आणि तुमचे हात लांब म्हणून तुमचे आकडे कधी कमी झाले रे?" सगळे हसले.

"जाऊ दे गं मर्ना," रोवीना म्हणायची. "आकड्याचं काय लोणचं घालायचंय?"

पण तिला लागायचं. मला ते दिसायचं, आणि माझं डोकं फिरायचं.

तिला आयुष्यात एकच वाट खरोखर हवी होती, आणि तीच तिला चढता येत नव्हती. जमत नव्हती म्हणून नव्हे. तिच्यावर लाल फडकं होतं म्हणून.

आमच्या कड्याचा मधला भाग इतका पुढे झुकलेला आहे की पावसात त्याखाली गाड्या कोरड्या राहतात. त्याला आम्ही व्हरांडा म्हणतो. त्याच्या बरोबर मधोमध, वर छतापर्यंत जाणारी एक रेघ बेव्हन पॅस्कोने वीसेक वर्षांपूर्वी हेरली. बेव्हन पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करणारा माणूस, उंच, हात गुडघ्यापर्यंत. अख्खा हिवाळा दोरावर लोंबकळत त्याने दोर अडकवायला भिंतीत बोल्ट ठोकले आणि पहिल्या बोल्टला लाल कापडाची चिंधी बांधली. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. ही वाट मी शोधली, घाम मी गाळला, मी चढेपर्यंत दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कायदा नाही, पोलीस नाहीत, पण ते फडकं आमच्याकडे कोणी ओलांडत नाही. आणि मालकाकडे ते मागायचंही नसतं. त्याने स्वतः काढलं तरच.

बेव्हन दर शनिवारी ती वाट चढायचा आणि दर शनिवारी त्याच जागी पडायचा. अगदी वर, छताच्या कडेपाशी, एका खाचेतून उडी मारून दोन हातांवरची कड पकडायची होती. त्याची बोटं कडेला लागायची आणि निसटायची. वर्षं गेली. फडकं उन्हाने विटलं की तो नवं बांधायचा. आणि एवढी वर्षं त्याचा दोर खालून धरत कोण होतं? रोवीना. मान वर करून, तो लटकला की झेलत, खाली सोडत, "आज अगदी थोडक्यात गेलं रे" म्हणत. त्या वाटेचा इंच न इंच तिला पाठ होता, आणि तिने एकदाही दगडाला बोट लावलं नव्हतं. तिची चाळिशी अशीच सरत चालली होती. बोटांचे स्नायू काही जन्मभर साथ देत नाहीत. उजव्या हाताच्या अनामिकेत एकदा तटकन आवाज झाला होता, तेव्हा ती तीन महिने एका हाताने गिअर टाकत होती. अजून दोन हिवाळे, फार तर तीन. मग ती रेघ जन्मभर खालूनच बघायची.

शेवटी मीच रीत मोडली. बेव्हन दुकानात मांसाची पाई, म्हणजे खिमा भरलेली भट्टीतली मोठी करंजी, घ्यायला आला होता. मी पाई कागदात गुंडाळली आणि हातात न देता विचारलं, "बेव्हन, तू ते चढणार आहेस का नुसता राखण करत बसणार आहेस?"

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुला. शेतकऱ्याच्या कुत्र्याला गवत खायचं नसतं, आणि गाईला खाऊ द्यायचं नसतं. तसलं चाललंय तुझं."

नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा तो निघून गेला. पाई तशीच काउंटरवर. पुढचा महिनाभर तो चाळीस किलोमीटर गाडी हाकत शेजारच्या गावी पाई खायला जात होता, आणि तिथली पाई म्हणजे निव्वळ भिजलेला पुठ्ठा, हे सगळ्यांना माहीत आहे.

रोवीनाला कळलं तेव्हा ती बस रस्त्यातच थांबवून दुकानात शिरली. बसमधली पोरं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. "तुला कोणी सांगितलं होतं गं नाक खुपसायला? तो मनानं काढेल तर ठीक, नाहीतर नाही. आता त्याने काढलं तर ते तुझ्या तोंडाच्या पट्ट्यामुळे काढलेलं होईल. मला असलं नकोय."

तिचं बरोबर होतं, आणि माझंही.

मार्चमध्ये, शाळा असलेल्या एका दिवशी, बेव्हनने ती उडी मारली आणि त्याचा खांदा निखळला. रोवीनाने त्याला खाली सोडलं, स्वतःच्या स्वेटरची झोळी करून हात बांधला आणि घड्याळ पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती. तोच म्हणाला म्हणे, "आधी पोरं घे." मग हा सहा फुटी बाप्या बसच्या पहिल्या सीटवर पांढराफटक होऊन बसला, मागे तीस पोरं घसा फाडून गात होती, आणि रोवीनाने एकेका फाटकापाशी एकेक पोर उतरवून मगच त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. पुढे ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, निदान वर्षभर कडा विसरा.

पंधरा दिवसांनी दुकानाचं दार वाजलं. बेव्हन. हात झोळीत, दाढी वाढलेली.

"एक पाई दे."

मी दिली. तो पैसे ठेवून दारापर्यंत गेला आणि वळला.

"काढलंय."

"काय काढलंय?"

"फडकं. शिडी लावून काढलं. तिला सांग."

"तूच सांग की! तोंड आहे ना तुला?"

"नाही निघणार माझ्या तोंडातून," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू सांग, मर्ना. तुला आवडतं ना सांगायला."

मी दुकान उघडं टाकून गेले. रोवीना बसडेपोत नळीने बस धूत होती. मी सांगितलं. ती किती तरी वेळ त्याच एका चाकावर पाणी मारत राहिली. मग तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "एका हातानं शिडी चढला? पडला असता तर मूर्ख."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मुलं सोडून ती कड्याखाली आली तेव्हा भिंतीसमोर उभी राहून तिने तळहात दगडावर टेकवला आणि तसाच ठेवला. मी थर्मास उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

एप्रिल ते जून मी खालून दोर धरला आणि ती रोज पडली. खालचा भाग तिने आठवड्यात वश केला. बेव्हनची तोंडपाठ वाट, तिचीही तोंडपाठ. पण ती वरची उडी! बेव्हन घडीची खुर्ची टाकून खाली बसायचा आणि ओरडायचा, "मार उडी! अगं, मार ना!" ती मारायची, आणि तिची बोटं कडेपासून वीतभर खाली हवेत मिटायची. वीतभर. उंची काही ताणून वाढत नाही. जून संपता संपता तिच्या बोटांच्या टोकांना भेगा पडल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं, संपलं. या बाईच्या हातात वाट मिळाली आणि हात पुरेनात.

मग एके सकाळी ती वरून दोर टाकून त्या जागी जाऊन लटकली आणि ब्रशने दगड घासायला लागली. बोटं घामाने निसटू नयेत म्हणून बेव्हन हाताला खडू लावायचा; वीस वर्षांच्या त्या भुकटीने पांढरे झालेले ठिपके होते तिथे. कुठे धरायचं, कुठून उडायचं, सगळं पांढऱ्यात लिहिल्यासारखं. ती ते सगळं घासून काढत होती. पांढरी धूळ खाली आमच्या डोक्यावर पडत होती.

"अगं ए!" बेव्हन खुर्चीतून उठला. "माझा खडू आहे तो!"

"म्हणूनच!" वरून उत्तर आलं. "या खडूशिवाय मला दुसरं काही दिसतच नाहीये!"

दगड स्वच्छ झाला, करडा आणि नारिंगी. ती त्याच्यासमोर झुलत राहिली, नाक लावून बघत. अर्ध्या तासाने तिने डावीकडे, जिकडे वीस वर्षांत कोणी मान वळवली नव्हती, तिकडे अंगठा टेकवला. तिथे एक सुरकुती होती. खालून मला तर नुसता डाग वाटला. उडी मारायचीच नाही, असं तिने ठरवलं. टाच कानाजवळ उचलून एका कंगोऱ्यावर अडकवायची, त्या टाचेवर अंग ओढून घ्यायचं, अंगठ्याने त्या सुरकुतीवर दाबायचं आणि हळूच वर जायचं. बेव्हन म्हणाला, "हे अशक्य आहे." ती म्हणाली, "तुझं तर शक्य असूनही होत नव्हतं." तो हसला, मार्चनंतर पहिल्यांदा.

तो दिवस ऑगस्टचा. कोरडी, बोचरी थंडी, दगडाला बोट चिकटेल अशी. मी दोर धरायला हात पुढे केला, तर बेव्हन मधे आला. "आज मी धरतो," तो म्हणाला. त्याचा खांदा दोर धरण्यापुरता बरा झाला होता. रोवीनाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोर त्याच्या हातात दिला.

ती निघाली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ लोकांना चढताना पाहिलंय, जोरकस, झटके देणारे, गुरगुरणारे. रोवीना चढते तेव्हा आवाज नसतो. हात जातो आणि तिथे असतो. भिंत तिच्या पाठीमागे झुकत गेली, पाय डोक्याच्या उंचीवर आले, आणि ती छताखाली आडवी होत गेली. वरच्या खाचेपाशी ती पोचली. तिने टाच उचलली, कानाशी आणली, अडकवली.

आणि उजवा पाय सटकला.

तिचं सगळं अंग झोका खाऊन बाहेर फेकलं गेलं. दोन बोटं आणि एक टाच, एवढ्यावर ती होती. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अशा वेळी खालच्या माणसाचे हात आपोआप दोर आवळतात. ते अंगात भिनलेलं असतं, त्यात विचार नसतो. आणि दोर आवळला असता, तिला कणभर जरी उचललं असतं, तर सगळं फुकट. पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या बोटांत किती पहिल्यापासून उरल्या होत्या कोणास ठाऊक.

मी बेव्हनकडे पाहिलं. ओठ दातांत धरलेला. दोर मात्र सैल होता. हवेत तसाच ढिला लोंबत होता. वीस वर्षं जी जागा त्याला हवी होती तिथे दुसरंच कोणी लटकत होतं, आणि त्याने एक इंच दोर ओढला नाही.

झोका परत आला. पाय परत दगडावर टेकला. रोवीनाने अंगठा त्या सुरकुतीवर ठेवला. मग जे झालं ते मी रोज आठवते आणि रोज मला ते तितकंच खोटं वाटतं. ती वर गेली. उडी नाही, झटका नाही. पहाटे पिठात हात घालून मी गोळा जसा सावकाश उलटते तसं तिने स्वतःला त्या टाचेवर उलटलं. छताच्या खालून एक हात वर आला, कडेवर पसरला, आणि तिथे राहिला. मग दुसरा. मग साखळीत कडी अडकल्याचा टक् असा आवाज.

मी रडत होते. मला आनंद झाला होता असं म्हणणं फार कमी होईल. मी घाबरले होते. माणसाच्या अंगात एवढं काही असू शकतं, आणि ते आपल्या ओळखीच्या, रोज सकाळी "अर्धा लिटर दूध दे गं" म्हणणाऱ्या बाईच्या अंगात, याने मी खरंच घाबरले होते.

बेव्हनने तिला अलगद खाली आणलं. दोघं समोरासमोर उभे. कोणी कोणाला मिठी मारली नाही.

"दोर ओढला नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

तिने घड्याळ पाहिलं आणि कमरेचा दोराचा पट्टा सोडला. "शाळा सुटेल," म्हणाली आणि बस घेऊन गेली.

शनिवारी दुपारी सगळे कड्याखाली जमले. चुलीवर सॉसेज, डब्यात उकळणारा चहा, मेलबर्नहून आलेली पोरं. त्यांच्यातला लॉकलन तगडा, सभ्य, तिशीचा. तो म्हणाला, "जबरदस्त केलंत रोवीना, खरंच. पण आकड्याचं बोलूया का? बेव्हन नेहमी चौतीस म्हणायचे, पण ते उडीसकट. तुमच्या डाव्या वाटेनं उडी टळते. म्हणजे बत्तीस? फार तर?"

आजूबाजूला माना हलल्या. नेहमीसारख्याच.

रोवीना मगमध्ये बघत होती. "असेल," ती म्हणाली. "बत्तीस असेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्ची कोलमडल्याचा आवाज झाला. बेव्हन उभा होता.

"बत्तीस?" तो गरजला. "वीस वर्षं मी बत्तिसावरून पडत होतो का रे? मी काय गाढव आहे?"

सगळीकडे हशा पिकला. लॉकलन लाल झाला. "तसं नाही हो, तुमची वाट वेगळी..."

"भिंत तीच आहे! तिच्या वाटेनं जा ना! तो बघ दोर, जा. ती टाच कानाला लाव आणि ये मला आकडा सांगायला." लॉकलनने वर पाहिलं. चमचा हातात धरून बराच वेळ पाहिलं. तो उठला नाही. बेव्हन रोवीनाकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या इज्जतीसाठी सांगू नकोस. यांच्यासाठीही नको. मी तिथे कधीच नव्हतो, रो. हा तर नाहीच. तू होतीस. त्या झोक्यात तू होतीस. किती आहे ते तू सांग."

हशा थांबला. चुलीत ओलं लाकूड फसफसत होतं. रोवीनाने मग खाली ठेवला. मी तिला वीस वर्षं ओळखते. आकडा विचारला की ती खांदे उडवते, हसते, विषय बदलते. तिने यातलं काहीही केलं नाही. ती आपल्या त्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"चौतीस," ती म्हणाली.

आवाज जरा कापला. म्हणून तिने मान वर केली, लॉकलनकडे सरळ पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "चौतीस आहे. मला माहीत आहे, कारण मी चढले आहे."

कोणी हुज्जत घातली नाही. लॉकलनने हळूच मान डोलावली आणि आपल्या ताटातला भाजलेला सॉसेज तिच्या पावावर ठेवला.

बेव्हन खुर्ची सरळ करून तिच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ चहा ढवळत राहिला. तिने एवढी वर्षं त्याच्याकडून 'मार उडी' ऐकलं होतं. आता तो तिच्याकडे न बघता, शाळेतल्या पोरासारखा पुटपुटला, "रो, ती टाच नक्की कुठे ठेवलीस गं? खांदा बरा झाला की मला दाखवशील का?"

"दाखवेन," ती म्हणाली. "पण आधी तुझा तो खडू लावायचा बंद कर."